हात वर केला की थांबायचं

माझी धाकटी बहीण लोकांचे दात साफ करते. असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग मी त्याला विचारतो, तुझ्या घरात कोण काय करतं ते सांग बरं. की त्याचं हसू थांबतं. तेरा वर्षं झाली तिला या कामाला. दिवसाला सात-आठ माणसं तिच्या खुर्चीत बसतात आणि उठताना थँक्यू म्हणतात ते तिला, मोठ्या डॉक्टरांना नाही. मोठे डॉक्टर दात काढतात, नवे बसवतात. पण दात काढायची वेळच येऊ नये म्हणून जे करायचं, ते ती करते. मोठे डॉक्टर स्वतःचे दातसुद्धा तिच्याकडूनच साफ करून घेतात. आता बोला.

आम्ही तिला खारू म्हणतो. लहानपणी पुढचे दोन दात खारीसारखे बाहेर होते म्हणून. दात कधीच सरळ झाले, नाव चिकटलं ते चिकटलं.

मी फार शिकलो नाही. आठवीत दप्तर खुंटीला टांगलं ते आजतागायत तिथंच आहे. पण लोखंडी टाक्या साफ करायच्या म्हटलं तर आमच्या कारखान्यात माझा हात धरणारा दुसरा नाही. काँप्रेसरची हवा, तिच्यात वाळू, आणि जाड पाइपाच्या तोंडातून ती गंजावर मारायची. वीस वर्षांचा गंज बघता बघता उडतो आणि आतून चांदीसारखा पत्रा निघतो. साठ फूट खोल टाकीत दोरावर लटकून मी हे केलंय, तेही गाणी म्हणत. नोझलला एक दांडी असते, ती दाबून धरली तरच वाळू सुटते, हात सुटला की बंद. नवी माणसं दिवसभर दांडी दाबून पंजा चोळत बसतात. मी दांडीला तार बांधून मोकळा. भीती कशाशी खातात ते मला माहीत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो.

ते खोटं होतं. मला दातांच्या खुर्चीची भीती वाटते. नुसती नाही, पाय गार पडतात इतकी.

झालं असं. आमच्याकडे मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून इशारा शिट्टीनं. दोन बोटं तोंडात घालून मी मारलेली शिट्टी मागच्या भट्टीपासून गेटपर्यंत जाते. वॉचमन सांगतो, तुमची शिट्टी आली की मी घड्याळ लावतो. एक दिवस बोटं घातली, फुंकर मारली, तर नुसतं फुस्स. आणि बोटाला कळलं की खालचा पुढचा दात हलला.

जीभ लावून बघितली. हलत होता. सुट्टीपर्यंत मी पन्नास वेळा जीभ लावली. पन्नास वेळा हलला.

दुसऱ्या कुणाला यात एवढं काही वाटणार नाही. पण आमचे बाबा पंचेचाळिसाव्या वर्षी बोळके झाले. किडून नाही. पांढरेशुभ्र, धडधाकट दात, एकेक करून सैल होत गेले. आधी उशीवर रक्ताचा ठिपका, मग हलणं, मग एक दिवस जेवताजेवता हातात. बाबा ते दात खिळ्यांच्या जुन्या डबीत टाकायचे. डबी हलवली की खुळखुळ वाजायची आणि ते हसायचे. मग हसणं बंद झालं, कारण हसायला तोंड उघडावं लागतं. पुढं पुढं त्यांचं बोलणंही आईशिवाय कुणाला कळेना.

मी चव्वेचाळीस पूर्ण केली होती. आणि उशीवरचे ठिपके मी चार महिने उशी उलटी करून झाकत होतो.

बायकोच्या नजरेतून काय सुटतंय! एका सकाळी म्हणाली, "अहो, पाव पाण्यात बुडवून का खाताय?"

"मला आवडतो तसा."

"कालपर्यंत तर नव्हता आवडत. आणि ती उशी रोज कुशी बदलते, ती पण आवड का?"

मी काही बोलायच्या आत तिनं खारूला फोन लावून माझ्या कानाला धरला.

"दादा, दात हलतोय?" खारूनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"एकच. थोडासा."

"रक्त येतं?"

मी पाण्यातला पाव आणखी खाली दाबला.

"गुरुवारी दहाला ये."

"गुरुवारी टाकी आहे."

"मग शुक्रवारी."

"शुक्रवारी पण टाकी आहे."

"दादा, टाकी पळून जात नाही. दात जातो."

तरी मी तीनदा दिवस बदलला. एकदा पाठ धरली, एकदा साहेब आले, एकदा कारण सापडलंच नाही तर फोनच बंद ठेवला. या टाळण्याला अजून एक कारण होतं, आणि ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

खारू आठ वर्षांची असताना तिच्या दातांवर पिवळा थर चढला होता, हिरड्या सुजल्या होत्या. बाबा आम्हा दोघांना एका दातवाल्याकडे घेऊन गेले. जिन्यावरची अंधारी खोली, लोखंडी खुर्ची, आणि बशीत दात खरवडायचा लोखंडी आकडा. दातवाला माणूस वाईट नव्हता, त्याला तेवढंच येत होतं. खारूनं आकडा बघितला आणि किंचाळून दाराकडे पळाली. बाबा म्हणाले, "धर रे तिला." मी चौदा वर्षांचा, अंगानं थोराड. तिच्या मांड्यांवर बसलो आणि दोन्ही मनगटं दाबून धरली. मध्येच तिनं एक हात सोडवला आणि वर केला. मारायला नाही. नुसता वर, शाळेत करतात तसा. मी तो परत खाली दाबला. तेवढ्यात आकडा सटकला आणि तिचा ओठ आतून फाटला.

ही गोष्ट मी पुढं तीस वर्षं, चार माणसं जमली की, रंगवून सांगायचो. "मी धरली म्हणून झालं, नाहीतर दातवाल्याचीच बत्तिशी गेली असती!" लोक हसायचे. एकदा जेवताना खारू हळूच म्हणाली, "दादा, ती गोष्ट आता बास कर." मला वाटलं, चारचौघांत लाजली.

आता तसल्याच खुर्चीत मला बसायचं होतं. आणि हत्यार तिच्या हातात.

शेवटी बायको मला दवाखान्याच्या पायरीपर्यंत सोडायला आली. "तुम्ही आत गेल्याशिवाय मी हलणार नाही," म्हणाली. आणि खरंच हलली नाही.

बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, एक घड्याळ, कुंडीत एक झाड. मी झाडाची पानं मोजली. सत्तावीस. मग आतून बारीक घुंऽऽ आवाज सुरू झाला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. बोळातलं कपाट जरा उघडं होतं, मी डोकावलो. छोटासा काँप्रेसर, माझ्या गुडघ्याएवढा. पण हवेच्या दाबाचा काटा सहावर.

सहा! आमच्या टाकीवर आम्ही साडेसहा लावतो.

माझ्या डाव्या पोटरीवर वीतभर व्रण आहे. सहा वर्षांपूर्वी माझा पाय घसरला आणि पाइप हातातून सुटला. दांडीला तार बांधलेली, त्यामुळे वाळू बंद झाली नाही. पाइप सापासारखा उलटा फिरला. पातं लवायच्या आत बुटाचं चामडं, मोजा आणि खालची कातडी गेली. लोकांना तो व्रण मी मर्दुमकी म्हणून दाखवतो, ते सोडा. पण हवा आणि वाळू काय करते ते मला पुस्तकातून नाही, पोटरीवरून माहीत आहे. आणि खारूनं फोनवर सांगितलं होतं, "दादा, हल्ली खरवडत नाही आम्ही. हवा, कोमट पाणी आणि पावडर मारतो."

तिनं दार उघडलं तेव्हा मी कपाटापाशीच उभा होतो.

"काटा सहावर आहे," मी म्हणालो.

"आलास? मला वाटलं आजही टाकी असेल."

"खारू, सहावर आहे. मी वाचलंय. मी या लायनीतला माणूस आहे."

"तिथं सहा आहे. माझ्या हातापर्यंत येईस्तोवर बरंच कमी होतं. आणि तुझ्यासारखी वाळू नाही आत. ये, बघ."

तिनं माझ्या चिमटीत थोडी पावडर ठेवली. मी बोटांत चोळली. मी रेती बोटावर ओळखतो; कुठली जाड, कुठली धारेची, डोळे मिटून सांगतो. इथं बोटाला काहीच लागेना. चेहऱ्याला लावायच्या पावडरीहून मऊ. "चाटून बघ," ती म्हणाली. गोडसर लागली. मग तिनं माझ्या अंगठ्याच्या नखावर पेनानं एक रेघ ओढली आणि पेनाएवढ्या नळीनं फवारा मारला. कोमट, गुदगुल्या केल्यासारखा. रेघ गेली, नख होतं तसंच राहिलं.

मी खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे काय, टेकलो. हात दोन्ही बाजूंना असे आवळले की खुर्चीचं कातडं कुरकुरलं.

"एकच नियम," खारू म्हणाली. "काहीही वाटलं, दुखलं, नकोसं झालं, नुसता श्वास घ्यावासा वाटला, तर डावा हात वर कर. मी थांबते. का म्हणून विचारणार नाही."

हे ती सगळ्यांना सांगते. तेरा वर्षं सांगतेय. पण मी छताकडे बघत राहिलो, तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

आधी तिनं बोथट सुई हिरडीच्या कडेनं हळूच घालून खोली मोजली. मोजायची आणि आकडा बोलायची, शेजारी उभी असलेली मदतनीस मुलगी लिहून घ्यायची. "तीन. तीन. चार." मला वाटलं मार्क चाललेत. हलणाऱ्या दातापाशी ती म्हणाली, "सात." दहापैकी सात, म्हणजे वाईट नाही, असं म्हणून मी जरा सैल झालो.

"दादा, जितका आकडा कमी तितकं चांगलं," ती म्हणाली. "तीनपर्यंत ठीक. सात म्हणजे हिरडी दाताला सोडून इतकी खाली गेलीय."

मी परत कातडं आवळलं.

मग तिनं कापसाचा बोळा लाल-जांभळ्या रंगात बुडवला आणि सगळ्या दातांवरून फिरवला. चूळ भरायला लावली आणि आरसा हातात दिला. "बघ."

मी बघितलं आणि माझं सगळं अवसान गळालं.

आमच्याकडे जोडकाम झालं की जोडावर लाल रंग मारून पुसतात. लोखंड धड असेल तर रंग निघून जातो. तडा असेल तर रंग आत शिरून बसतो, रेघ उमटते. रेघ दिसली की माल नापास, भंगारात. पंचवीस वर्षं मी हेच बघत आलोय. आणि आरशात माझ्या एकूणएक दातावर, हिरडीच्या कडेनं, फटीफटीत जांभळ्या रेघा. खालचे पुढचे दात तर सगळेच जांभळे.

"सगळेच गेले," मी म्हणालो. मी उठलोच. गळ्यातला कागदी रुमाल ओढून काढला. मला ती खिळ्यांची डबी ऐकू येत होती, खुळखुळ, खुळखुळ. "खारू, खरं सांग. सगळ्यांना तडे गेलेत ना? एकपण ठेवायचा नाही?"

"तडे? कसले तडे?"

मी तिला आमच्या रंगाचं सांगितलं. ती आधी हसणार होती, मला दिसलं. पण माझा चेहरा बघून हसली नाही. तिनं ओला कापूस घेतला, माझ्या पुढच्या दातावरची जांभळी रेघ घासली. रेघ पुसली गेली. खाली पांढरा दात.

"तडा पुसून जातो का रे दादा?"

"नाही."

"हा मळ आहे. रोजचा, मऊ. एरवी दिसत नाही म्हणून रंग लावायचा. जिथं रंग तिथंच मी फवारा मारणार. चांगल्या जागी उगाच हात लावायचा नाही."

बाईनं दोन वाक्यांत मला परत बसवलं. कारखान्यात मला बसवायला तीन माणसं लागतात.

मग ती कामाला लागली. आधी हिरड्यांना बधिर करणारं मलम. डोळ्यांवर चष्मा, ओठांना क्रीम, गालात पाणी ओढायची नळी. तिचं नोझल कधी एका जागी थांबायचं नाही, सतत हलतं, आणि रोख दातावर, हिरडीवर नाही. मी कसलेला माणूस, मला हात कळतो. मनगटात जोर नाही, नुसता नेम. मी बारा जणांना नोझल धरायला शिकवलं, त्यांच्यातल्या एकाचाही हात असा नाही.

पण भीती कौतुकानं जात नाही. तोंडात पाणी, घशाशी घुंऽऽ, आणि डोक्यावर तिचा चेहरा, अर्धा झाकलेला. मी डावा हात वर केला.

आवाज बंद. लगेच. तिनं पायाखालच्या बटणावरचा पाय उचललेला मला दिसला. पाय उचलला की बंद. तार-बीर काही नाही.

तिनं विचारलं नाही. मी श्वास घेतला, मान हलवली, ती परत सुरू झाली.

थोड्या वेळानं मी परत हात वर केला. परत बंद.

तिसऱ्यांदा केला तेव्हा तिनं तोंडावरचा मास्क खाली ओढला. "दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"बघतोय, थांबतेस का."

"थांबणारच. सगळ्यांसाठी थांबते."

मी छताकडे बघत म्हणालो, "तू पण वर केला होतास."

शेजारची मुलगी कापूस आणायला म्हणून बाहेर गेली.

"हो," खारू म्हणाली.

"मी खाली दाबला."

"हो, दादा."

"वर तीस वर्षं लोकांना सांगत फिरलो."

तिनं हातमोजा काढला, नवा घातला. म्हणाली, "सकाळपासून मी काही खाल्लं नाही. तुझ्याइतकीच घाबरलेय मी. तू ओरडशील म्हणून नाही. मला वाटत होतं, तू या खुर्चीत बसलास आणि माझा हात जरा जास्तच जोरात चालला तर? मुद्दाम? म्हणून तू तीनदा दिवस बदललास तेव्हा मला बरंच वाटलं."

मी छतावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. कारण मलाही नेमकं तेच वाटत होतं.

"चालला का जोरात?" मी विचारलं.

"तूच सांग. तूच कसलेला ना?"

मी जीभ फिरवली. "नाही चालला."

"मग आ कर. खालचा कडक थर राहिलाय."

तो थर दगडासारखा, हिरडीच्या आत. तिथं फवारा पुरत नाही. त्याला तिनं तारेसारखं बारीक, थरथरणारं टोक लावलं, तेही कोमट पाण्यासकट. दगड कणाकणानं सुटला. तो लोखंडी आकडा शेवटपर्यंत बशीत दिसला नाही. हलणाऱ्या दातापाशी मात्र ती इतकी हळू झाली की मीच धास्तावलो. वाटलं, आता गेला, आता हातात येणार. नाही आला.

"राहील का?" मी विचारलं.

"आज नाही सांगत. तीन महिन्यांनी मोजू. तोवर दोन वेळा ब्रश, आणि हे बारके ब्रश फटीत. टाकी आहे म्हणायचं नाही."

दुसऱ्या सकाळी कारखान्यात मी पहिलं काम काय केलं असेल, तर पक्कड घेऊन दांडीची तार तोडली. आमचा क्रेनवाला वरून ओरडला, "काय उस्ताद, म्हातारे झालात की काय? तार काढली!"

"बहिणीनं शिकवलं," मी म्हणालो. "तिच्या हाताखाली सहा महिने काढ, मग तुला क्रेन चालवता येईल." संध्याकाळी पंजा ठणकला. ठणकू दे.

ते तीन महिने कसे गेले ते मला विचारू नका. रोज सकाळी मी आधी उशी बघायचो, मग घड्याळ. ठिपके कमी झाले, मग थांबले. पण दाताला जीभ लावायची हिंमत व्हायची नाही. जीभ तिथं गेली की मी तिला परत बोलवायचो.

तीन महिन्यांनी बायकोशिवाय गेलो, हे नोंदवून ठेवा. झाडाला एकोणतीस पानं होती. खुर्चीत बसलो, कातडं आवळलं. खारू मोजत गेली. "दोन. तीन. तीन." त्या दातापाशी आली आणि थांबली. परत सुई घातली. दुसऱ्या बाजूनं घातली. मला डबी ऐकू यायला लागली. मी डावा हात वर केला.

ती थांबली.

"खारू, आकडा सांगायच्या आधी एक मिनिट थांब."

थांबली. का म्हणून विचारलं नाही. मी हात खाली घेतला.

"चार," ती म्हणाली.

"सातचे चार?"

"सातचे चार. थोडा हलतो अजून, हलेल. पण राहतोय, दादा. नीट ठेवलास तर राहतोय."

मी जिना उतरून रस्त्यावर आलो. दोन बोटं तोंडात घातली. तीन महिने घातली नव्हती. दाताला जरा जपून, कडेनं फुंकर मारली. पहिल्यांदा फुस्स. दुसऱ्यांदा वाजली. पूर्वीसारखी नाही, थोडी वाऱ्याची, पण समोरच्या वळणापर्यंत गेली असेल. दोन माणसांनी वळून बघितलं.

वरची खिडकी उघडली. खारू, मास्क गळ्यात.

"दादा! आत पेशंट आहे माझा! आधीच घाबरलाय तो!"

"त्याला सांग," मी खालून ओरडलो, "माझ्या बहिणीकडे आलायस म्हणावं!"